पिशवीचे दुखणे आणि यंत्राचे हात

दसरा उलटला की गंगाखेड-सोनपेठ भागांतल्या वाड्यातांड्यांवरून ऊसतोडीची कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राकडे आणि पार कर्नाटकापर्यंत निघतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. पाळीच्या कळांनी बाई उठू शकली नाही, तर मुकादम खाडा धरून दंड लावतो. मग दुखणे अंगावर काढावयाचे, आणि असह्य झाले की ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला ऐकावयाचा. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली श्रीमती नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी समितीने ह्याची मोजदाद केली. सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले.

ह्या सगळ्यांचे दुखणे एकच होते असे नव्हे. परंतु ज्या दुखण्यावर पिशवी काढणे हा पुरा उपाय होत नाही, असे एक दुखणे आहे. त्याचे नाव एन्डोमेट्रिऑसिस.

गर्भाशयाला आतून अस्तर असते. ते दरमहा वाढते, आणि गर्भ न राहिल्यास रक्तावाटे गळून जाते, हीच पाळी. ह्या रोगात तसलेच अस्तर गर्भाशयाबाहेर रुजते : बीजकोशावर, ओटीपोटाच्या आतल्या पडद्यावर, कधी आतड्यावर वा मूत्राशयावर. महिन्याच्या संप्रेरकांची हाक त्यालाही ऐकू जाते. तेही सुजते, तेही रक्ताळते. परंतु त्या रक्ताला वाट नसते. मग दाह होतो, व्रण पडतात, अवयव एकमेकांना चिकटतात. बीजकोशात साठलेले जुने रक्त चॉकलेटच्या पाकासारखे दिसते, म्हणून त्या गाठीला डॉक्टर चॉकलेट सिस्ट म्हणतात. पाळीचे रक्त नलिकांतून उलटे पोटात जाऊन ही रुजवण होते, असा विचार अमेरिकेतील डॉ. सॅम्पसन ह्यांनी १९२७ साली मांडला. परंतु असे उलटे रक्त बहुतेक स्त्रियांत थोडेफार जातेच. मग रोग काहींनाच का, ह्याचा निकाल अजून लागलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पाळीच्या वयातल्या दर दहा स्त्रियांमागे एकीला तो असतो.

आता पिशवी काढली तरी बाहेर रुजलेले अस्तर जागच्या जागी राहते, आणि कळाही राहू शकतात. बीजकोशही काढले, तर कळा पुष्कळदा थांबतात. पण तिशीतल्या बाईवर म्हातारपण लादले जाते, हाडे ठिसूळ होऊ लागतात. त्याच हाडांवर तिला मोळी उचलावयाची असते.

पहिला उपाय गोळ्यांचा : वेदनाशामक आणि संप्रेरकांच्या. तेवढ्याने भागले नाही, तर दुर्बिणीची शस्त्रक्रिया. पोटाला अर्ध्या-एक सेंटिमीटरची तीन-चार भोके पाडून, पोट वायूने फुगवून, दुर्बिणीच्या उजेडात रोगट अस्तर तेवढे कापून काढतात. मूत्रनलिका आणि गुदाशय अगदी लगत असल्याने हे काम फार नाजूक असते.

येथे रोबोट येतो. हा शब्द १९२० साली कारेल चापेक ह्या झेक लेखकाने आपल्या नाटकात आणला. त्याचे मूळ ‘रोबोता’, म्हणजे वेठबिगार! आम्हा संघटनेच्या माणसांना हा तपशील विशेष आवडतो. शस्त्रक्रियेतला रोबोट मात्र स्वतःच्या मनाने काही करीत नाही. शल्यविशारद टेबलापासून थोडा दूर बसून, मोठे केलेले त्रिमित चित्र पाहत मुठी हलवितो. त्याच हालचाली यंत्राचे हात पोटात करतात. हाताचा कंप गाळला जातो, आणि हत्याराचे टोक मनगटासारखे वळते. अमेरिकेत स्त्रीरोगांच्या शस्त्रक्रियांसाठी अशा यंत्रास २००५ साली परवानगी मिळाली. आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत ती आहेत.

यंत्र पाहून मात्र दिपून जाऊ नये. एन्डोमेट्रिऑसिससाठी रोबोट आणि साधी दुर्बीण ह्यांची तुलना करणारी एक अमेरिकन चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. निकालात विशेष फरक आढळला नाही. खर्च मात्र रोबोटचा अधिक. आमच्या मते यंत्र कोणते ह्यापेक्षा, ह्या रोगाच्या किती शस्त्रक्रिया आपण केल्या आहेत, हे डॉक्टरांना आधी विचारावे.

सोनोग्राफीत प्रत्येक वेळी हा रोग दिसत नाही. म्हणून पाळीत शौचाला वा लघवीला दुखते का, संबंधाच्या वेळी दुखते का, मूल राहण्यास अडचण येते का, हे बाईने लाज न धरता डॉक्टरांना सांगावे. शस्त्रक्रियेनंतरही रोग पुन्हा उद्‌भवू शकतो. तेव्हा गोळ्या कधी थांबवावयाच्या हेही त्यांनाच विचारावे. दुर्बिणीची शस्त्रक्रिया झालेली बाई लवकर घरी येते. जड ओझे मात्र काही आठवडे उचलावयाचे नसते, आणि त्या आठवड्यांचा खाडा धरला जाणार नाही, हे उचल घेतानाच मुकादमाकडून लिहून घ्यावे.