मालाच्या गाडीचे पुढील दिवे व मागील ओझें

कांदा, भाजीपाला अगर फळे बाजारपेठेस पोंचविण्याकरितां हल्लीं पुष्कळ शेतकऱ्यांनीं स्वतःची पिकअप अगर जीप ठेविली आहे. माल सकाळच्या लिलावास मिळावा म्हणून ती बहुधा रात्रींच निघते. तेलपाण्याची व टायरांची काळजी बहुतेक जण घेतात. परंतु पुढील दिवे पेटले म्हणजे झालें, अशी समजूत सर्वत्र दिसते. दिवा पेटणें ही एक गोष्ट व त्याचा उजेड योग्य जागीं पडणें ही दुसरी. ह्या दुसऱ्या गोष्टीविषयीं येथें थोडें लिहिण्याचें योजिलें आहे.

आम्हांस हा धडा अनुभवानेंच मिळाला. कांद्याचीं पोतीं भरून रात्रीं निघालों असतां समोरून येणारा जो तो आम्हांस डिपर मारूं लागला. आमचे दिवे तर डिपरवरच होते. तेव्हां ही लोकांची अरेरावी, असें मानून आम्ही चालत राहिलों. दुसरे रात्रीं रिकाम्या गाडीनें परत फिरलों, तों कोणीच डिपर मारीना! दोष लोकांचा नसून आमच्या ओझ्याचा होता, हें तेव्हां उमजलें.

ह्याचें कारण बैलगाडी हांकणारास सांगावयास नको. मागें ओझें जास्त झालें कीं गाडी उलाळ होते व जूं वर उचलतें. मोटारीचेंही तसेंच आहे. मागील पाटे दबतात, तोंड वर होतें, व त्याबरोबर दिव्यांचा रोखही वर चढतो.

किती, तें पाहूं. डिपरच्या उजेडास साधारणपणें शेंकडा १ उतार देतात. म्हणजे १० मीटरांवर त्याची वरची कड १० सेंटीमीटर खालीं येते. दिवा जमिनीपासून ७० सेंटीमीटर उंच असल्यास ती कड ७० मीटरांवर जमिनीस लागते. आतां पुढील व मागील आंसांमध्यें ३ मीटर अंतर धरा. गाडीची मागची बाजू पुढच्यापेक्षां अवघी ३ सेंटीमीटर जास्त दबली, कीं हा सर्व उतार नाहींसा होऊन उजेड सरळ आडवा जातो. ६ सेंटीमीटर दबल्यास तो वर चढतो, व ५० मीटरांवर सुमारें १ मीटर २० सेंटीमीटर उंचीवर पोंचतो. समोरच्या मोटारींत बसलेल्या माणसाचे डोळे जवळजवळ तेवढ्याच उंचीवर असतात.

दिपलेल्या डोळ्यांस पुन्हां नीट दिसावयास कांहीं सेकंद लागतात, आणि ताशीं ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदांत सुमारें १७ मीटर जाते. उसाच्या हंगामांत रस्त्यावर मागील दिवा नसलेल्या ट्रॉल्या व बैलगाड्या चालतात. आपल्या दिव्यानें आंधळा झालेला मनुष्य त्यांवर जाऊन आदळला, तर मरणारा बहुधा आपल्यांतलाच कोणी शेतकरी असावयाचा. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही पुढील दिव्यांचा झोत समोरच्या माणसाचे डोळे दिपणार नाहींत इतका खालीं वळविलेला असावा, असें सांगितलें आहे.

दिवे तपासण्याची रीत सोपी आहे. टायरांत योग्य हवा भरून गाडी सपाट जागीं, गोदामाच्या भिंतीसमोर अगदीं जवळ उभी करावी. प्रत्येक दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूनें खुणावी. मग गाडी सरळ मागें साडेसात मीटर घ्यावी, व खुणांच्या साडेसात सेंटीमीटर खालीं आडवी रेघ ओढावी. हांकणारास जागेवर बसवून डिपर लावावा. एका वेळीं एकच दिवा पाहावा, व दुसरा गोणपाटानें झांकावा. मात्र तें फार वेळ ठेवूं नये, दिवा तापतो. उजेडाच्या वरच्या कडेचा आडवा भाग रेघेवर आला पाहिजे. डावीकडे कड थोडी वर चढलेली दिसेल. आपण डावीकडून चालतों, म्हणून रस्त्याची कड दिसावी यासाठीं ती तशीच ठेविलेली असते.

दिव्याच्या मागें बहुधा दोन स्क्रू असतात. एकानें रोख वरखालीं व दुसऱ्यानें आजूबाजूस होतो. पहिला पाव पाव फेरा फिरवून भिंतीकडे पाहत जावें. कांहीं गाड्यांवर दिव्याजवळ उताराचा आंकडा छापलेला असतो. तो असल्यास तोच प्रमाण मानावा.

ज्या गाडींत हांकणाराजवळ ० ते ३ आंकड्यांची चकती असते, तींत हें सर्व रिकाम्या गाडीनें चकती ० वर ठेवून करावें. पुढें माल भरला कीं चकती फिरवून उजेड खालीं आणावा. चकती नसल्यास, व गाडी रात्रीं बहुधा भरूनच जात असल्यास, नेहमींचें ओझें भरूनच दिवे लावावे. रिकाम्या गाडीचा उजेड मग थोडा जवळ पडेल. तेव्हां वेग कमी ठेवावा. जड पोतीं शक्य तितकीं मागील आंसाच्या पुढें रचावीं, व पाटे बसले असल्यास ते आधीं दुरुस्त करावे.

ह्या सर्व कामास एक खडू, एक फीत व अर्धा तास पुरतो. हंगाम सुरू होण्यापूर्वीं प्रत्येकानें तो अवश्य काढावा.