टॉन्सिलचं दुखणं घशापुरतं नसतं

पोराचे टॉन्सिल सुजले की मेडिकलमधून दोन गोळ्या आणायच्या, ताप उतरला की विषय संपला. उचगावच्या वस्तीत घरोघरी हेच चालतं. पण दुखणं पुन्हा पुन्हा उलटतं, तेव्हा?

जंतूंना मारण्यासाठी पांढऱ्या पेशी ऑक्सिजनचे जहाल कण सोडतात. लढाई महिनोन्‌महिने चालली, की हे कण आपल्याच पेशींना इजा करतात. यालाच ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. जुनाट टॉन्सिलच्या रुग्णांच्या रक्तात तो वाढलेला आढळला आहे.

आवळा, पेरू, पालेभाजी जरूर द्या. घरात विडीचा धूर नको. पण आवळ्याने जंतू मरत नाहीत. स्ट्रेप्टोकोकस जंतूवर उपचार अर्धवट राहिले, तर रुमॅटिक ताप येऊन सांधे सुजतात, हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं असेल, तर बरं वाटलं तरी कोर्स पुरा करा.

प्रत्येक दुखण्याची तारीख कॅलेंडरवर लिहा. वर्षात ७ वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी ५ वेळा घसा आला, तर सीपीआरच्या कान-नाक-घसा विभागात ते कॅलेंडर घेऊन जा. शस्त्रक्रिया करायची की नाही, हे त्या तारखांवरूनच ठरवायला मदत होते.