घरचं धुणं, चव्हाट्यावर

गेल्या महिन्यात तीन पुस्तकं वाचली आणि त्यातलं एकही नवं नव्हतं. नव्यांची चवड टेबलावर आहे, पण त्यांची परीक्षणं येतच असतात. आज बोलायचंय ते लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, हमीद दलवाईंची ‘इंधन’ आणि दया पवारांचं ‘बलुतं’ या पुस्तकांविषयी. ठरवून निवडली नव्हती. पण एकापाठोपाठ वाचताना जाणवलं, की तिघांनीही एकच अवघड काम अंगावर घेतलंय. ते म्हणजे आपल्याच माणसांविषयी खरं लिहिणं.

परक्याविषयी लिहायला फारसं काही लागत नाही. आपल्या घराविषयी, जमातीविषयी लिहायला बसलं, की दोन माणसं पाठीशी येऊन उभी राहतात. एक घरातला. तो म्हणतो, ‘घरचं धुणं चव्हाट्यावर कशाला?’ दुसरा बाहेरचा, टाळी द्यायला टपलेला: ‘बघा, त्यांचाच माणूस सांगतोय!’ मुसलमान घरात वाढून मराठीत कविता लिहिताना माझी या दोघांशी चांगली ओळख झालीय. मला विचाराल तर दुसरा जास्त त्रासाचा. पहिल्याशी निदान भांडता येतं.

लक्ष्मीबाईंनी या दोघांचीही पर्वा केली नाही. रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. बाई काही वर्षं नातलगांत राहिल्या, पुढे नवऱ्याकडे गेल्या आणि कालांतरानं स्वतःही ख्रिस्ती झाल्या. एवढ्या उलथापालथीनंतर कुणीही एक बाजू धरून दुसरीवर तोंडसुख घेतलं असतं. बाईंनी तसं केलं नाही. वडिलांचं सोवळ्याचं वेड त्यांनी जितकं मजेत सांगितलंय, तितकंच टिळकांचं तापट, लहरी, हातचं देऊन मोकळं होणारं वागणंही. आणि सगळ्यांत जास्त हसल्या आहेत त्या स्वतःला. त्यांचं स्वतःचं सोवळं सुटलं तेही एका झटक्यात नाही, अडखळत, कुरकुरत सुटलं, आणि ते त्यांनी झाकलेलं नाही. शाळा न पाहिलेल्या, नवऱ्याकडून अक्षरं शिकलेल्या या बाईची मराठी अशी, की ओट्याशी बसून कुणी सांगतंय असं वाटतं. हसू ही त्यांची युक्ती आहे. ज्याला आपण स्वतःसकट हसतो, त्याच्याविषयी कडवटपणा शिल्लक राहत नाही. याच बाईंनी टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ पुरं केलं, हेही विसरू नये.

दलवाईंकडे हसू जवळजवळ नाहीच. त्यांचं नाव निघालं की आपल्याला आठवतो तो १९६६चा सात महिलांचा मोर्चा आणि १९७० साली पुण्यात स्थापन झालेलं मुस्लिम सत्यशोधक मंडळ. त्यांच्या बाजूनं बोलणारे आणि विरोधात बोलणारे, दोघांनीही १९६५ची ही लहानशी कादंबरी क्वचितच वाचलेली असते. बऱ्याच वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी परतलेला एक मुसलमान निवेदक, आणि त्याच्या डोळ्यांदेखत पेटत जाणारं गाव, एवढीच गोष्ट. दलवाई स्वतः चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. ही माणसं त्यांनी दुरून पाहिलेली नाहीत. जमीन, मान, बाई यांवरून साठत गेलेले जुने हिशोब आहेत, आणि ते सगळ्याच आळ्यांत आहेत. निवेदकाचं घर त्यातून सुटत नाही, आणि शेजाऱ्यांनाही लेखक सोडत नाही. त्यामुळे टाळी द्यायला आलेल्या माणसाचा हात वरच्यावर राहतो. कादंबरी म्हणून तिच्यात उणं आहे. काही माणसं ओळख होण्याआधीच निघून जातात, आणि निवेदक स्वतः तर शेवटपर्यंत धूसरच राहतो. तरीही मला ती दलवाईंच्या वैचारिक लेखनापेक्षा वरची वाटते. लेखात मत मांडावं लागतं. इथं नुसतं पाहिलं तरी भागतं, आणि दलवाईंना पाहता येत होतं. वयाच्या पंचेचाळिशीच्या आत, १९७७ साली ते गेले. कथाकादंबरीकडे परत वळायला त्यांना उसंतच मिळाली नाही, ही मराठीची हानी आहे असं मी मानतो.

‘बलुतं’ आलं १९७८ साली, आणि त्यावर दोन्हीकडून ओरड झाली. पांढरपेशे वाचक हादरले, ते समजण्यासारखं. पण आपल्यातलेही अनेकजण रागावले: ही लाज उघडी करून काय मिळवलंस? दया पवारांची युक्ती वेगळीच आहे. त्यांनी स्वतःला दुभंगून घेतलंय. दगडू मारुती पवार सांगतो आणि शिकलासवरलेला, शहरी झालेला दया पवार ऐकतो. दगडू गावच्या महारवाड्याचं आणि मुंबईतल्या कावाखान्यातलं जिणं सांगतो, आणि पहिल्या बायकोशी आपण कसं वागलो तेही सांगतो. त्या पानांवर मी थांबलो. तिथं जातीचं कारण पुढे करता आलं असतं, वाचकानं ते मान्यही केलं असतं. दगडू करत नाही. ज्याच्यावर अन्याय झालाय तोही कुणावर अन्याय करतो, हे त्यानं स्वतःवरच दाखवलंय, आणि ऐकणारा दया पवार मध्ये पडून त्याची बाजू सावरत नाही.

हेच दया पवार आधी कवी म्हणून आपल्यापुढे आले होते. त्यांचा ‘कोंडवाडा’ हा संग्रह १९७४चा. ‘बलुतं’ मिटल्यावर मी तो कपाटातून काढून ठेवलाय. दगडू त्या कवितांत कुठे बोलतो आणि कुठे गप्प बसतो, ते आता पुन्हा वाचून बघायचंय.