लिंब म्हणा, निंब म्हणा, पण झाड ओळखा



गेल्या पाडव्याच्या आदल्या दिवशी आमच्या गटातली एक जण चटणीसाठी पाला घेऊन आली. बघतो तर तो बकाण निंबाचा! ती म्हणाली, “निंबच आहे ना?” घोळ नावातच होता. म्हणून आज या नावाची गोष्ट सांगतो.

मूळ शब्द संस्कृत ‘निंब’. आपल्या बोलीत ‘न’ आणि ‘ल’ एकमेकांच्या जागी येतात. नवनीताचं लोणी झालं, लांगलाचा नांगर झाला, तसाच निंबाचा लिंब झाला. फळाला मात्र आपण निंबोळीही म्हणतो आणि लिंबोळीही. नगरजवळच्या निंबळक, निंबोडी या गावांची नावं ऐकली की हेच झाड आठवतं.

मग ‘कडू’ का जोडलं? कारण निंब बरेच झाले. कढीपत्त्याचा पाला तसाच दिसतो, पण कडू नाही, म्हणून तो गोडनिंब. त्याच्यापासून वेगळा ओळखू यावा म्हणून हा कडुनिंब.

आता गंमत ऐका. फारसीत ‘दरख्त’ म्हणजे झाड. ‘आझाद दरख्त’ हे नाव इराणकडे बकाण निंबाला होतं. शास्त्रज्ञांनी त्यावरून बकाण निंबाला ‘मेलिया अझेडरॅक’ म्हटलं आणि आपल्या कडुनिंबाला ‘अझाडिरॅक्टा इंडिका’, म्हणजे भारतातला आझाद दरख्त. म्हणजे नावाचा घोळ फक्त आपल्याकडेच नाही, पुस्तकांतही दोघांची नावं सख्ख्या बहिणींसारखी आहेत!

पण गुण सारखे नाहीत. बकाण निंबाची फळं विषारी असतात. लेकरांनी तोंडात घातली तर उलट्या, जुलाब होतात, जिवावरही बेतू शकतं. म्हणून नावावर जाऊ नका, पान बघा. कडुनिंबाच्या एका काडीला दोन्ही बाजूंनी सरळ पानं असतात, कडा करवतीसारख्या. बकाण निंबाच्या काडीला आधी फांटे फुटतात आणि मग त्या फांट्यांवर पानं येतात. कडुनिंबाची निंबोळी लांबट असते, पिकली की मऊ होऊन गळते. बकाणाची फळं गोल असतात आणि पानं झडली तरी झाडावर घोसाने लटकत राहतात.

त्या दिवशी आम्ही तो पाला टाकून दिला आणि बांधावरच्या कडुनिंबाचा आणला. यंदा पाडव्याला पाला तोडताना आधी काडी हातात धरून बघा, शेजारणीलाही दाखवा. लेकरांना तर नक्कीच दाखवा.