गूढज अपत्य आणि पोटगी

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांतील बारा पुत्रांपैकीं ‘गूढज’ आमच्या वाचकांस परिचित आहे. घरांत जन्मलेल्या, पण जनक अज्ञात असलेल्या या पुत्रास मनूनें मातेच्या पतीचा मानून दायादांत गणिलें. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचें ११२ वें कलमही विवाहकाळीं झालेलें अपत्य पतीचेंच मानी; अपवाद एवढाच, कीं गर्भधारणेच्या काळीं पतिपत्नींची भेटच अशक्य असली पाहिजे. बल्लारपूरनजीक चंद्रपूर येथें विवाहबद्ध झालेल्या एका दांपत्याच्या वादांत मात्र ता. ६ जानेवारी २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें डीएनए-परीक्षा या गृहीताहून अधिक प्रमाण मानिली. मुलीची पोटगी थांबली. दिलेली रक्कम परत घेऊं नये, एवढें ठरलें. तें कलम आतां २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमांत ११६ वें आहे. परीक्षा जनक कोण नव्हे हें सांगते. पोशिंदा कोण, हा मनूनें सोडविलेला प्रश्न त्या मुलीपुरता अनुत्तरितच राहिला, असें आम्हांस वाटतें.