विहाराच्या सभागृहात फौजेचा आणि विमानांचा इतिहास

आपल्या मंडळांच्या व्याख्यानांचे विषय बहुधा ठरलेले असतात: जयंती, धम्मचक्र प्रवर्तन दिन, संविधान दिन, महापरिनिर्वाण दिन. नागपूर-कामठी परिसरातील आमच्या युवा मंडळाने त्यात एक विषय वाढवला आहे. महिन्यातून एका रविवारी विहाराच्या सभागृहात एखाद्या निवृत्त सैनिकाला, हवाई दलातील निवृत्त तंत्रज्ञाला किंवा इतिहासाच्या प्राध्यापकाला बोलावतो आणि सैनिकी किंवा विमानांच्या इतिहासावर ऐकतो. इतर वस्त्यांतील कार्यकर्ते विचारतात, हे कशासाठी आणि कसे करायचे? म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

पहिला आक्षेप ज्येष्ठ उपासकांकडून येतो. बुद्धाच्या विहारात युद्धाच्या गोष्टी कशाला? प्रश्न रास्त आहे. कलिंगच्या संहाराचा पश्चात्ताप अशोकाने शिलालेखात कोरून ठेवला, त्याच परंपरेचे आपण. पण आपल्या समाजासाठी फौज ही नुसती लढण्याची जागा नव्हती. गावात महारकी वाट्याला आलेल्या माणसाला तिथे पगार, हुद्दा आणि पेन्शन मिळत होती. कंपनीच्या फौजेत सैनिकांना व त्यांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे होते, असे बाबासाहेबांनी नोंदवले आहे. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ सैनिकी शाळेत मुख्याध्यापक होते, आणि बाबासाहेबांचा जन्म १८९१ मध्ये महूच्या छावणीत झाला. आपल्याकडे पहिली अक्षरे ज्या घरांत आली, त्यांतली कितीतरी घरे पलटणीतली होती. हा शिक्षणाचा इतिहास आहे, आणि तो विहारात सांगायलाच हवा.

आमच्याकडे पहिले व्याख्यान अर्थातच भीमा कोरेगाववर झाले. तेव्हाच एक गोष्ट ध्यानात आली. मुलांना '५०० विरुद्ध २८,०००' हा आकडा पाठ असतो, पण त्यापुढे काही विचारले की सभागृह गप्प होते. १ जानेवारी १८१८ रोजी कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीचे सुमारे ५०० शिपाई होते. शिवाय अडीचशे-तीनशे घोडेस्वार आणि मद्रास तोफखान्याच्या दोन तोफा होत्या. पायदळात महारांबरोबर इतर जातींचेही शिपाई होते. पेशव्याकडे सुमारे २८,००० सैन्य होते, पण ते सगळे नदी ओलांडून लढाईत उतरले नव्हते. हे सांगितले की काही कार्यकर्त्यांना वाटते, आपण आपलेच महत्त्व कमी करतो आहोत. आम्हाला तसे वाटत नाही. विरोधकाला आपला दावा खोडायला एक चुकीचा आकडा पुरतो. दगडावर कोरलेली नावे मात्र खोडता येत नाहीत. कंपनीच्या बाजूने पडलेल्या ४९ जणांची नावे त्या स्तंभावर आहेत आणि त्यांतील २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. अस्पृश्य मानलेल्या माणसाचे नाव १८२०च्या दशकात सरकारी स्तंभावर लिहिले गेले, ही बाब आम्हाला कोणत्याही आकड्यापेक्षा मोठी वाटते. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी तिथे गेले.

पण कोरेगाववर थांबले तर इतिहास अर्धाच राहतो. खरा अभ्यासाचा भाग त्यानंतरचा आहे. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला 'लढाऊ जमाती'च्या सिद्धांताखाली महारांची भरती बंद झाली. ज्यांच्या पराक्रमाचा स्तंभ सरकारनेच उभारला, त्यांनाच सरकारने लढण्यास अपात्र ठरवले. त्याविरुद्ध पहिला आवाज उठवणारे गोपाळबाबा वलंगकर स्वतः निवृत्त सैनिक होते. पुढे १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये '१११ वी महार' पलटण उभी राहिली आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली गेली. १९४१ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण परिषदेवर गेले. त्यांनी भरतीचा आग्रह धरला. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली आणि दुसरी आमच्या कामठीत. रेजिमेंटच्या चिन्हावर स्वातंत्र्यापर्यंत कोरेगावचाच स्तंभ होता. आज या रेजिमेंटमध्ये देशभरातील सर्व जातिधर्मांचे जवान आहेत. जनरल कृष्ण राव आणि जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटचे, आणि मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना श्रीलंकेतील १९८७च्या कारवाईसाठी मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

दार उघडते, बंद होते, पुन्हा उघडते. ते दरवेळी कोणी आणि का उघडले, हा प्रश्न घेऊन मुले बसली की व्याख्यानाचा रंग बदलतो.

आता वक्त्यांविषयी. शक्यतो निवृत्त व्यक्तीच बोलवावी. सेवेत असलेल्यांना परवानगीशिवाय जाहीर बोलता येत नाही आणि त्यांना अडचणीत आणणे बरे नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी केली की माजी सैनिकांच्या संघटनांशी संपर्क होतो. वक्ता सुभेदार असो वा शिपाई, त्याला 'किती शत्रू मारले' असे विचारू नये. आमच्याकडे एका मुलाने हे विचारले तेव्हा ते काका बराच वेळ बोललेच नाहीत. त्यापेक्षा भरतीच्या रांगेत काय झाले, पहिला पगार कुठे गेला, लंगरमध्ये एका पंगतीत जेवताना आडनाव विचारले गेले का, गावी सुट्टीवर आल्यावर लोक कसे वागले, हे विचारावे. उत्तरे ध्वनिमुद्रित करावीत. त्यासाठी आधी परवानगी घ्यावी.

घरातील कागद आणायला सांगावे, हा आमचा सर्वांत फायद्याचा उपक्रम. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश, जुने फोटो, पदके, सगळे चालते. पहिल्या महायुद्धातील पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. ती भिंगाने वाचता येते. पदक घासून चकचकीत करू नका, अक्षरे झिजतात. दोन्ही महायुद्धांत मरण पावलेल्यांची नावे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव किंवा पलटणीवरून शोधता येतात. कागदांचे मोबाइलवर फोटो घ्यावेत आणि मूळ कागद त्याच दिवशी घरी परत द्यावा. पत्र्याच्या पेटीतले हे कागद घर बदलताना रद्दीत जातात, आणि मग आपल्याकडे फक्त भाषणे उरतात.

विमानांचा विषय आम्ही नंतर जोडला. नागपुरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय आहे, त्यामुळे निवृत्त तंत्रज्ञ जवळच भेटतात. पंखावर हवेचा दाब कसा काम करतो हे त्यांनी कागदाच्या पट्टीवर फुंकर मारून दाखवले की आठवीची मुलेही खिळून बसतात. स्थानिक इतिहासही आहे. १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या टपाल विमानसेवेत दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, टपालाच्या थैल्या बदलून घेत आणि पहाटेपर्यंत परत जात. ज्या विमानतळाला आज बाबासाहेबांचे नाव आहे, तिथे हे चालत असे. आणि ६ डिसेंबर १९५६च्या रात्री बाबासाहेबांचे पार्थिव दिल्लीहून मुंबईला विमानानेच आणले गेले. त्या रात्री सांताक्रूझला थांबलेल्या माणसांपैकी जे कोणी आज हयात असतील, ते नव्वदीच्या आसपास असतील. मुंबईच्या कार्यकर्त्यांनी हे काम पुढच्या वर्षावर टाकू नये.

व्याख्यानानंतर मुलांचा प्रश्न मात्र बहुतेक वेळा एकच असतो: भरतीचे काय? २०२२ पासून शिपाई आणि वायुसैनिक अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी घेतले जातात. त्यांतील २५ टक्क्यांपर्यंत पुढे कायम होतात आणि बाकीचे ठरावीक रक्कम घेऊन, पेन्शनशिवाय परततात. ज्या पेन्शनवर आपल्या आजोबांनी मुले शिकवली, ती बहुतेकांना मिळणार नाही. तरी पहाटे मैदानावर धावणारी पोरे कमी झालेली नाहीत. त्यांना 'जाऊ नका' असे आम्ही सांगत नाही. चार वर्षांनंतरचा हिशेब त्यांनी आधीच मांडावा म्हणून, सेवेतून बाहेर पडलेल्या माजी सैनिकांना आम्ही व्याख्यानानंतर अर्धा तास खास याच विषयासाठी थांबवून घेतो. त्या अर्ध्या तासाला आई-वडिलांनाही बोलावतो, आणि खरे तर तेच जास्त प्रश्न विचारतात.