आई म्हणताना ओठ मिटत नाहीत (लेखमाला 'तीस सेकंद', भाग १४)

गेल्या रविवारी कपडे धुण्याच्या पावडरीच्या जाहिरातीतल्या ललिताजींना आपण दारात उभं करून ठेवलं होतं. हातात पिशवी, डोळ्यांत तो हिशेबी संशय आणि समोर स्वस्तातली पिवळी निर्मा. आज त्यांना आत घ्यायचं कबूल केलं होतं. पण मध्येच सिन्नरहून एका आजींचं पत्र आलं आणि बेत फिसकटला. ललिताजी थांबतील. घासाघीस करणाऱ्या बाईला ताटकळणं नवीन नसतं.

आजी लिहितात, "माझा नातू सात वर्षांचा आहे. परवा जेवताना म्हणाला, आजी, या जाहिरातीतली आई बोलायची थांबली तरी तिचं तोंड चालूच कसं? मी म्हटलं, काहीतरी चघळत असेल. पण त्या दिवसापासून मलाही तेच दिसायला लागलंय आणि जाहिरातीची सगळी मजा गेली. तेरा आठवडे जाहिरातींवर लिहिताय, तर आता याचं उत्तर तुम्हीच द्या."

उत्तर एका ओळीचं आहे. ती बाई हिंदीत बोलली आहे आणि आपण तिला मराठीत ऐकतो आहोत. पण या एका ओळीवर मी बारा-पंधरा वर्षं पोट भरलं आहे, तेव्हा एवढ्यावर सोडणार नाही.

१९९९ साली अल्फा मराठी सुरू झाली, पुढच्याच वर्षी ईटीव्ही मराठी. तोवर मराठीतून जाहिरात दाखवायची तर मुंबई दूरदर्शन हा एकच दरवाजा होता. आता एकदम दोन वाहिन्या चोवीस तास उघड्या झाल्या आणि हिंदीत चित्रित झालेल्या जाहिरातींना रातोरात मराठी बोलायला लावायची वेळ आली. त्या गर्दीत मी शिरलो. काम असं : हिंदी फिल्म तयार असायची, तिच्यातली एकही फ्रेम बदलायची नाही आणि पात्रांच्या तोंडी मराठी घालायची. आपल्या टीव्हीवर सेकंदाला २५ फ्रेम्स धावतात, म्हणजे तीस सेकंदांच्या जाहिरातीत साडेसातशे. त्यातल्या दोन-तीन फ्रेम्स इकडेतिकडे झाल्या तर प्रेक्षक माफ करतो. पाचच्या पुढे गेलं की सिन्नरहून पत्र येतं.

आता शाळेतलं व्याकरण आठवा. प, फ, ब, भ, म ही औष्ठ्य व्यंजनं. ही उच्चारायची तर दोन्ही ओठ मिटावेच लागतात. क म्हणताना की त म्हणताना तोंड साधारण सारखंच दिसतं, त्यामुळे तिथे काहीही खपतं. पण पडद्यावर ओठ मिटलेले दिसले की तिथे या पाचांतलं कुणीतरी हवंच, आणि ओठ उघडे असताना यांतलं कुणी ऐकू आलं तर नजर लगेच अडखळते. डबिंगची सगळी विद्या या पाच अक्षरांत आहे. बाकीचा नुसता सराव.

ही विद्या मला शिकवली एका बिस्किटाने. नाव सांगत नाही. अंधेरीचा एक स्टुडिओ, संध्याकाळचे सात, दुसऱ्या दिवशी टेप वाहिनीकडे जायची. पडद्यावर एक गुटगुटीत पोरगा शाळेतून धावत येतो, कॅमेरा थेट त्याच्या तोंडावर, आणि तो ओरडतो, "मम्मी, भूख लगी!" मी लिहून आणलं होतं, "आई, भूक लागली!" यात चुकण्यासारखं काय आहे? रेकॉर्डिंग झालं, लावून पाहिलं. पोरगा दोनदा ओठ घट्ट मिटतो आणि तेवढ्यात ऐकू येतं "आई". जणू पोटात दुखतंय म्हणून कण्हतोय.

रेकॉर्डिस्ट जुना माणूस. काचेपलीकडून शांतपणे म्हणाला, "साहेब, आई म्हणताना ओठ मिटत नाहीत."

एवढी वर्षं आई म्हणत आलो, हे कधी ध्यानात आलं नव्हतं. म्हणून बघा. आ आणि ई, दोन्ही नुसते स्वर. तोंड उघडं ठेवून मारायची हाक आहे ती. हिंदीतली माँ ओठ मिटते, मम्मी तर दोनदा मिटते. बाबांचं काहीच अडत नाही. पडद्यावर पापा असोत की डॅडींचे पप्पा झालेले असोत, त्यांच्या जागी बाबा चपखल बसतात, ब ला ब. मामी बसते, मावशीचंही निदान सुरुवातीला जमतं. अडते ती आई. तिच्या जोडीला फार तर आत्या.

त्या संध्याकाळी आम्ही काय काय करून पाहिलं! "मला भूक लागली" यात पहिला म जमला, भ जमला, पण मम्मीतला मधला म लोंबकळत राहिला. "मला बाई भूक लागली" हे ओठांना तंतोतंत बसलं, पण सात वर्षांच्या मुलाच्या तोंडी ते ऐकून डबिंग करणाऱ्या बाईंना हसू आवरेना. (लहान मुलांचे आवाज बहुधा बायकाच देतात, हेही नातवाला सांगायला हरकत नाही.) साडेनऊला कंपनीच्या साहेबांना फोन लावला. त्यांनी फोनवरूनच निकाल दिला, "मम्मी ठेवा." मम्मी राहिली.

तेव्हापासून डब केलेल्या जाहिरातींतली मराठी मुलं मम्मी म्हणताना ऐकली की मला संस्कृतीची चिंता वाटत नाही, त्या लेखकाची संध्याकाळ दिसते. आज गावोगावी घराघरांत मम्मी आहे. ती इंग्रजी शाळेने आणली की टीव्हीने, हा वाद मी घालणार नाही. पण पाच औष्ठ्य व्यंजनांचा त्यात खारीचा वाटा असावा, असा माझा खाजगी संशय आहे.

कधीकधी नशीबही साथ देतं. नव्वदच्या दशकातली धारा तेलाची जाहिरात आठवते? घर सोडून निघालेला रुसलेला छोकरा स्टेशनवर भेटतो आणि घरी जलेबी केली आहे एवढं कळताच त्याचा सगळा संन्यास विरघळतो. परझान दस्तूर त्या मुलाचं नाव, पुढे 'कुछ कुछ होता है'मध्ये तारे मोजणारा तोच. त्या एका शब्दावर जाहिरात उभी आहे. आणि जलेबीची जिलेबी करायला ओठांची काडीइतकी हरकत नाही, शेवटच्या बी वर दोघीही मिटतात. असं बिस्किटाच्या वेळी घडलं असतं तर मी सातच्या लोकलने घरी गेलो असतो.

यमकाचं दुखणं निराळं. राष्ट्रीय अंडे समन्वय समिती १९८२ साली स्थापन झाली. तिच्यामागे पुण्याचे डॉ. बी. व्ही. राव. म्हणजे पाळंमुळं आपल्याकडची, पण गाजली ती घोषणा हिंदीत, आठवड्याच्या दोन इंग्रजी वारांशी अंड्यांचं यमक जुळवणारी. हिंदीत अंडे हे अनेकवचन. मराठीत तेच यमक ठेवायचं तर अंडे एकवचनी होतं, आणि अनेकवचन करायला गेलं की अंडी होतात नि यमक फुटतं. थोडक्यात, मराठी माणसाला रोज एकच अंडं परवडतं.

आता प्रश्न असा की देशभर सगळ्यांच्या लक्षात राहिलेल्या जाहिरातींनी हा ओठांचा पेच सोडवला कसा? माझं उत्तर सरळ आहे. बहुतेकांनी तोंडच उघडलं नाही.

दूरदर्शनवर जाहिराती आल्या १ जानेवारी १९७६ला. विविध भारतीवर त्या १९६७पासूनच होत्या. त्यामुळे टीव्हीसाठी लिहायला बसलेली माणसं रेडिओवर घडलेली. रेडिओत चेहरा नसतो, गाणं असतं. त्यांनी तीच सवय पडद्यावर आणली आणि गाण्याखाली चित्रं लावली. निर्माची फ्रॉकवाली मुलगी गिरकी घेते, गाणं तिच्या तोंडी नाही. लिरिलच्या धबधब्याखाली कॅरन लुनेल भिजते आहे, वनराज भाटियांच्या त्या स्वरांना तर धड शब्दही नाहीत. १९९४ची कॅडबरीची मुलगी सुरक्षारक्षकाला चुकवून मैदानात नाचत शिरते, पण गातात शंकर महादेवन. भाषा बदलायची तर गाणं बदला, चित्राला हात लावू नका.

यात आपली विको सगळ्यांत पक्की. नागपूरकडून मुंबईत आलेल्या केशव विष्णू पेंढारकरांनी १९५२मध्ये परळला हा धंदा मांडला. सिनेमाला वेळेवर पोचणाऱ्या माझ्या पिढीला विकोचं गाणं पाठ करावं लागलंच नाही, ते आपोआप झालं. टर्मरिक क्रीमच्या गाण्यात एक गंमत आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. ही क्रीम म्हणजे सौंदर्यप्रसाधन नव्हे, आयुर्वेदिक आहे, असं त्या गाण्यात ठणकावून सांगितलं जातं. ते ऐकताना वाटायचं, गोऱ्या नवरीच्या हळदीच्या गाण्यात हे वकिली वाक्य कशाला? पण अबकारी खात्याशी कंपनीचा वर्षानुवर्षं वाद चालला होता तो नेमका याच मुद्द्यावर, कारण प्रसाधन ठरलं तर कर जास्त. २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकोच्या बाजूने कौल दिला. कोर्टातलं म्हणणं चालीत बसवून लग्नाच्या मांडवात गायलं गेल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

गाण्याच्याही पुढची पायरी म्हणजे मौन. फेव्हिकॉलची बस घ्या, २००२ची. राजस्थानातला ओसाड रस्ता आणि त्यावरून येणारी एक बस. बस कसली, माणसांचं पोळं. टपावर, खिडक्यांना, शिडीला, बॉनेटवर, जिथे बोट ठरेल तिथे माणूस. रस्ता खड्ड्यांचा, बस डाव्या-उजव्या अंगाला कलते, सगळं पोळं तिच्याबरोबर डोलतं, पडत मात्र कुणी नाही. बस पुढे निघून जाते आणि मागच्या बाजूला फेव्हिकॉलची पाटी दिसते. संपलं. कुणी एक शब्द बोललेलं नाही, त्या गोंदाची तारीफसुद्धा नाही. फिल्म ओगिल्व्ही या जाहिरातसंस्थेची; तिथले पीयूष पांडे जयपूरचे, दिग्दर्शन त्यांच्या धाकट्या भावाचं, प्रसून पांडे यांचं. अशा बसमधून आणि जीपमधून माणसं जाताना पाहतच दोघं वाढले असणार. त्या वर्षी कानच्या जाहिरात महोत्सवात या फिल्मला रौप्य सिंह मिळाला. पण मला त्याहून मोठी पावती वाटली ती कराडच्या स्टँडवर. वडापच्या जीपला मागे लटकलेल्या एकाला खालच्याने विचारलं, "काय रं, फेव्हिकॉल लावलंय का?" या जाहिरातीचं मराठी कुणी केलं नव्हतं, करायची गरजच नव्हती. पीयूष पांडे ऑक्टोबर २०२५मध्ये गेले, त्या रात्री मी ती बस पुन्हा चार-पाच वेळा पाहिली. टपावरच्या बायकांचे चेहरे बघा, एकीलाही आपण विनोदी दृश्यात आहोत याचा पत्ता नाही. सगळी करामत तिथे आहे.

आणि मौन नको, बोलकी पात्रंच हवीत, असा हट्ट असेल तर? २००९मध्ये लोकसभेच्या निवडणुकीमुळे आयपीएल दक्षिण आफ्रिकेला हलली आणि षटकांच्या मधल्या फटींतून व्होडाफोनचे झूझू बाहेर आले. अंड्यासारखं डोकं, काटकुळे हातपाय, पांढरे फटक. बहुतेकांना ते संगणकाने केलेले वाटले. ती हाडामांसाची माणसं होती, अंगाने सडपातळ कलाकार निवडून त्यांना पांढरे पोशाख नि मोठाली डोकी चढवलेली. चित्रीकरणही दक्षिण आफ्रिकेतच, केप टाउनला. दिग्दर्शक प्रकाश वर्मा, हचच्या कुत्र्याची जाहिरातही यांचीच. त्यांनी कॅमेरा सेकंदाला २० फ्रेम्सवर चालवला, म्हणजे आपण पाहतो तेव्हा हालचाल सव्वापट वेगाने होते आणि माणूस माणसासारखा चालेनासा होतो. तीसेक फिल्म्स केल्या, प्रेक्षकाला जवळजवळ रोज नवी. ते आपसांत बोलतात, भांडतात, खिदळतात, पण जगातल्या कुठल्याच भाषेत नाही. माझ्या धंद्यावर याहून मोठा हल्ला झालेला नाही. त्या मोसमात मला व्होडाफोनच्या एकाही फिल्मचं काम आलं नाही, आणि तरी मी रोज सामना सोडून झूझूंची वाट पाहत होतो.

एक कबुली राहिली. बिस्किटानंतर दोन वर्षांनी आणखी एका जाहिरातीत पोरगं आईला हाक मारणार होतं. या वेळी मी चित्रीकरणाआधीच दिग्दर्शकाला गाठलं आणि म्हटलं, हाकेच्या वेळी एक टेक पाठमोरा घ्या, माझ्यासाठी. त्याने भुवया उंचावल्या, पण घेतला. हिंदी आवृत्तीत मुलगा समोरून मम्मी म्हणतो, मराठीत त्याची पाठ दिसते, दप्तर हिंदकळतं आणि हाक येते, "आई!" ते दीड सेकंद ही माझी कारकिर्दीतली सर्वांत आवडती चीज आहे.

सिन्नरच्या आजींनी नातवाला एवढंच सांगावं, की ती बाई काही चघळत नाही, हिंदीतला उरलेला शब्द संपवते आहे. आणि बाकीच्या वाचकांना विनंती : डब केलेली नव्हे, मुळातच मराठीत चित्रित झालेली एखादी टीव्हीवरची जाहिरात तुमच्या आठवणीत असेल, तर माल कोणता, साधारण कधीची आणि पात्रं काय बोलत होती, एवढं एका पोस्टकार्डावर कळवा. माझ्या वहीत अशा फक्त अकरा आहेत. ललिताजी पुढच्या रविवारी, नक्की.